ठगाची जबानी आणि पुस्तकविक्रेत्याचे विचार

पुस्तकांच्या दुकानांत बसणाऱ्या माणसाला वाचकांची जी ओळख असते, ती ग्रंथकारालाहि नसते. लोक कोणतें पुस्तक वाखाणतात आणि कोणतें विकत घेतात, यांतील अंतर त्याला रोज संध्याकाळीं गल्ला मोजतांना दिसतें. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गांवीं जून-जुलैंत शाळेचीं पुस्तकें आणि वह्या यांसाठीं गर्दी उडते. चातुर्मासांत पोथ्या निघतात. दिवाळीस अंक येतात. आणि बाराहि महिने, कोणी शिफारस केलेली नसतां, जिच्यासाठीं गिऱ्हाईक येतें ती म्हणजे खून, दरोडे आणि गुप्त पोलीस यांची कादंबरी. मराठी साहित्य संमेलन १९७३ सालीं आणि पुन्हां २०१९ सालीं यवतमाळास भरलें. तेथें काव्य, समीक्षा, भाषा यांविषयीं विद्वानांचीं भाषणें झालीं. परंतु गुन्ह्याच्या कादंबरीनें वाचकाच्या मनावर काय केलें, हा प्रश्न बहुधा विद्वानांच्या पंक्तीला बसत नाहीं. त्याचा विचार करण्याचा अधिकार खरोखर ज्याच्या हातून ती कादंबरी वाचकाच्या हातीं जाते, त्या विक्रेत्याचा आहे.

असा एक विक्रेता डोळ्यांसमोर आणावा. शाळांची गर्दी ओसरली आहे, बाहेर श्रावणाची झड लागली आहे आणि रस्त्यावर चिटपाखरूं नाहीं. वेळ जावा म्हणून तो फळीवरची एक जुनी इंग्रजी कादंबरी खालीं काढतो. तिचें नांव ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’, म्हणजे ‘एका ठगाची जबानी’. लेखक फिलिप मेडोज टेलर. प्रथम प्रकाशन लंडन, इ. स. १८३९. चार पानें चाळावीं म्हणून उघडलेलें पुस्तक दिवेलागणीपर्यंत त्याच्या हातून सुटत नाहीं. तें मिटल्यावर मात्र त्याच्या मनांत एकामागून एक असे विचार येऊं लागतात कीं, त्याला पुस्तक पुन्हां फळीवर ठेववत नाहीं. कारण या कादंबरीचा वऱ्हाडाशीं, आणि वऱ्हाडांतील कित्येक घराण्यांच्या नशिबाशीं, अगदीं जवळचा संबंध आहे.

लेखकाची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. टेलर हा १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. वयाच्या पंधराव्या वर्षीं एका व्यापाऱ्याच्या पेढींत नोकरीसाठीं तो मुंबईस आला. परंतु त्या पेढीची स्थिति ढासळलेली होती, म्हणून १८२४ सालीं तो हैद्राबादच्या निजामाच्या फौजेंत शिरला. पुढें त्याच्याकडे निजामाच्या मुलखांतील एका भागाच्या पोलिसाचें काम आलें. रस्त्यांवर वाटसरूंचीं प्रेतें सांपडत आणि मारेकऱ्यांचा मागमूस लागत नसे, हें त्यानें जवळून पाहिलें. आणि नंतर पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्यानें स्वतः लिहून घेतल्या. त्याच साहित्यांतून ही कादंबरी जन्मास आली. तो रजेवर विलायतेस गेला असतां तीन भागांत ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. खुद्द व्हिक्टोरिया राणीनें, पुस्तक बांधून होईपर्यंत धीर न धरवल्यामुळें, छापखान्यांतून निघणारे ताव मागवून वाचल्याची गोष्ट टेलरच्या आत्मचरित्रांत आली आहे. वऱ्हाडाशीं टेलरचा संबंध पुढें आणखी निकट झाला. १८५७ च्या धामधुमीच्या सालीं तो बुलढाण्यास डेप्युटी कमिशनर होता.

कादंबरीची रचना साधी आहे. अमीर अली नांवाचा कैदेंतला ठग एका साहेबासमोर बसून आपलें आयुष्य सांगतो. बालपणीं प्रवासांत त्याच्या आईबापांना ठगांनीं मारिलें. त्या टोळीच्या म्होरक्यानें त्या पोरक्या मुलाला स्वतःच्या मुलासारखें वाढविलें आणि वयांत आल्यावर धंद्याची दीक्षा दिली. मग एकामागून एक मोहिमा, मैत्री, प्रेम, विश्वासघात आणि खून यांची मालिका सुरू होते. खुनांचा आंकडा ७१९ सांगितला आहे. शेवटीं शेवटीं तो नकळत आपल्या सख्ख्या बहिणीलाच मारतो, आणि हें उघडकीस येतें तेव्हां वाचकाच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु खरी दहशत या प्रसंगाची नाहीं. अमीर अली सभ्य आहे, आर्जवी आहे, देवभोळा आहे, आणि त्याला पश्चात्ताप म्हणून मुळीं नाहीं. वाटसरूला तो आधार देतो, चोरांपासून संभाळण्याचें वचन देतो, त्याच्या पंक्तीला बसतो, आणि ठरलेल्या ठिकाणीं रुमाल काढतो. वाचक भितो तो त्याच्या क्रौर्याला नव्हे, तर त्याच्या गोड बोलण्याला.

ठगांच्या कामाची वांटणी ठरलेली असे. वाटसरूशीं ओळख काढून त्याला भुलविणारा तो ‘सोठा’. गळा आवळणारा तो ‘भुरतोट’. खड्डे खणून प्रेतें गाडणारा तो ‘लुघा’. म्होरक्यानें इशारा दिला म्हणजे फांस पडे. त्या इशाऱ्याला ‘झिरणी’ म्हणत, आणि तो तंबाखू मागण्यासारख्या अगदीं साध्या वाक्यानें दिला जाई. दक्षिणेंत या लोकांना ठग न म्हणतां ‘फांसीगर’ म्हणत. हा शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण त्याच्याच कुळांतील दुसरा एक शब्द पुढें या कथेंत येणार आहे.

उमरावतीचा बाजार आणि मंगरुळाचा पीर, हीं स्थळें कादंबरींत वाचतांना वऱ्हाडी वाचक थबकतो. मंगरुळपीर हें यवतमाळच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यांतलें. उमरावती तर वऱ्हाडची पेठच. कल्पित कथा आपल्या ओळखीच्या रस्त्यावरून चालूं लागली म्हणजे ती कल्पित वाटेनाशी होते. आणि त्या काळचे हे रस्ते असे होते कीं, तेथें काय घडलें नसेल हेंच सांगणें कठीण. १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. आजचा यवतमाळ जिल्हा वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या कुशींत बसला आहे. तेव्हां वर्धा ओलांडली कीं राज्य बदले. एका राज्यांतला गुन्हेगार नदी उतरून दुसऱ्या राज्यांत गेला म्हणजे त्याचा पाठलाग संपे. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनीं १८१८ पर्यंत हा प्रदेश पुरा हैराण केला होता. लढाया संपल्यावर फौजा मोडल्या आणि हत्यारापलीकडे दुसरें कांहीं न शिकलेले हजारों शिपाई बेकार झाले.

उलट, याच रस्त्यांवरून पैसा वाहत होता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. सावकारांची रोकड आणि जडजवाहीर घेऊन माणसें शहराशहरांमधून फिरत. प्रवास महिनोन्‌महिने चाले आणि टपाल सर्वांना सुलभ नव्हतें. त्यामुळें घरून निघालेला माणूस परतला नाहीं तर तो मेला, कीं साधु होऊन निघून गेला, कीं दूर कोठें नोकरीस राहिला, हें घरच्यांना वर्षानुवर्षें कळत नसे. तक्रार करावयाची तर कोणाकडे, कोणत्या गांवच्या पाटलाकडे, कोणत्या राज्यांत? प्रेत नाहीं, साक्षीदार नाहीं, स्थळ नाहीं. ठगांचें खरें हत्यार रुमाल नव्हतें. राज्याराज्यांमधली ही फट हेंच त्यांचें हत्यार होतें.

येथें विक्रेत्याच्या मनांत पहिला विचार येतो: ही जबानी कोणाची? प्रस्तावनेंत टेलरनें ही कथा जवळजवळ सगळी खरी असून कल्पनेचा उपयोग केवळ प्रसंग जोडण्यापुरता केल्याचें सांगितलें आहे. वाचकानें तें मान्य केलें, कारण सांगणारा ‘मी’ म्हणून सांगतो. परंतु त्या ‘मी’च्या मागें कोण उभे आहेत, तें पाहिलें पाहिजे.

ठगांच्या बंदोबस्ताचा मुख्य पुरुष विल्यम स्लीमन हा कंपनीच्या लष्करांतून मुलकी कामावर आलेला अधिकारी. १८२२ नंतर कांहीं वर्षें तो नर्मदाकांठीं नरसिंहपूर येथें होता. पुढें त्याला कळून आलें कीं, आपल्या कचेरीपासून अवघ्या ४०० यार्डांवरच्या गांवांत ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरच्या आमरायांत त्यांनीं कितीतरी वाटसरू पुरले होते. त्याला मात्र त्याचा गंधहि नव्हता. हें शल्य त्याच्या मनांत खोल गेलें असलें पाहिजे. १८३० सालीं फिरंगिया नांवाचा नामांकित ठग हातीं लागला आणि जीव वांचविण्यासाठीं माफीचा साक्षीदार झाला. त्याच्यासारख्यांनीं दाखविलेल्या जागा उकरल्या तों खरोखरच प्रेतें निघालीं. म्हणून ठगी ही निव्वळ साहेबाच्या डोक्यांतील कल्पना होती, असें म्हणणें मेलेल्या वाटसरूंवर अन्याय करणें होय. ते वाटसरू होते, ते मारले गेले, आणि त्यांच्या घरीं कोणी तरी वाट पाहत बसलें होतें.

परंतु माफीच्या साक्षीदाराची जबानी म्हणजे काय, याचाहि विचार हवा. त्याचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून असतो. जितकीं नांवें अधिक, जितकी माहिती सविस्तर, तितका तो सरकारच्या उपयोगाचा. साहेब प्रश्न विचारी, ठग उत्तर देई, दुभाषी अर्थ सांगे, कारकून लिही. देवीचे शकुन पाहतां काय, असें विचारलें म्हणजे शकुनांचीं उत्तरें मिळत; बापजाद्यांपासून हा धंदा करतां काय, असें विचारलें म्हणजे वंशावळी तयार होत. स्लीमननें ठगांच्या वंशावळी खरोखरच काढविल्या, आणि १८३६ सालीं त्यांच्या गुप्त भाषेचा कोश व त्यांच्याशीं झालेले संवाद ‘रामसीयाना’ या नांवानें कलकत्त्यास छापिले. या प्रश्नोत्तरांतून एक चित्र तयार झालें: ठग हा पोटासाठीं गुन्हा करणारा माणूस नव्हे, तर जन्मानें ठग, धर्मानें ठग, देवीचा भक्त म्हणून ठग. अलीकडच्या इतिहाससंशोधकांनीं याच चित्राची फेरतपासणी केली आहे. किम वॅग्नर यांचा या विषयावरील ग्रंथ २००७ सालीं निघाला. ठगी ही खरी लूटमार होती, पण ती जमीनदारांचा आश्रय, बेकारी आणि मोडलेल्या फौजा यांतून पोसली गेली होती. तिला एका अखंड धर्मपंथाचें रूप मिळालें तें बव्हंशीं कागदावर, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

टेलरच्या कादंबरींत तो प्रश्न विचारणारा साहेब बहुतेक गप्प बसलेला आहे. त्यामुळें वाचकाला वाटतें कीं, अमीर अली आपण होऊनच बोलतो आहे. कचेरींतील दप्तराला जो एक गुण होता, म्हणजे प्रश्न कोणता आणि उत्तर कोणतें हें वेगळें दिसे, तोहि कादंबरींत राहिला नाहीं. कथा रंगली, परंतु पुरावा झांकला गेला.

विक्रेत्याचा दुसरा विचार त्याच्या धंद्याचा आहे. गुन्ह्याच्या पुस्तकानें माणसें बिघडतात काय? हा वाद कांहीं आजचा नाहीं. टेलरची कादंबरी ज्या रिचर्ड बेंटलेनें प्रसिद्ध केली, त्याच्याच मासिकांत डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आणि एन्सवर्थची ‘जॅक शेपर्ड’ या दोन्ही कादंबऱ्या क्रमशः आल्या होत्या. जॅक शेपर्ड हा तुरुंग फोडणारा खरा चोर. त्याच्यावरील कादंबरीनें लंडनचे तरुण वेडे झाले आणि रंगभूमीवर त्याचीं नाटकें धडाक्यानें होऊं लागलीं. १८४० सालीं लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा त्याच्याच नोकरानें खून केला, आणि त्या नोकरानें हेंच पुस्तक वाचलें होतें, असें वृत्तपत्रांत आलें. मग काय विचारतां! नीतिरक्षकांनीं एकच गिल्ला केला, आणि जॅक शेपर्डच्या नांवाच्या नव्या नाटकांना परवानगी देणें सरकारनें पुष्कळ वर्षें बंद ठेविलें.

आपल्याकडेहि वेगळें घडलें नाहीं. फ्रान्समध्यें यूजीन स्यूनें पॅरिसच्या अंधाऱ्या गल्ल्यांवर लिहिलें. त्याचें पाहून रेनॉल्ड्सनें लंडनवर लिहिलें. आणि रेनॉल्ड्स हिंदुस्थानांत आला तो घरोघरीं पोंचला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिति’ या पहिल्या कादंबरीला रेनॉल्ड्सच्याच कादंबरीचा आधार होता. गोविंद नारायणशास्त्री दातारांनीं त्याच्या कादंबऱ्यांना मराठी वेष इतका बेमालूम चढविला कीं, त्या परक्या वाटल्याच नाहींत. पुढें बाबूराव अर्नाळकरांनीं (१९०६ ते १९९६) तर या क्षेत्रांत कोणाला गांठतां येणार नाहीं असा विक्रम केला. त्यांच्या लहानमोठ्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हीं नांवें ठाऊक नसलेलें मराठी घर एके काळीं सांपडलें नसतें. वाचनालयांतून हीं पुस्तकें हातोहात फिरत; वडील माणसें मुलांच्या हातून तीं काढून घेत आणि दुपारीं स्वतः वाचीत. त्या वाचकांपैकीं किती जण दरोडेखोर झाले? विक्रेत्याला विचारलें तर तो हंसून सांगेल कीं, झुंजार वाचणारीं मुलें पुढें कारकून झालीं, मास्तर झालीं, वकील झालीं. आणि वाचनाची गोडी त्यांना लागली ती त्या पुस्तकांनींच.

म्हणजे गुन्ह्याच्या कादंबरींत धोका नाहींच काय? आहे, परंतु तो लोक समजतात तेथें नाहीं. वाचक चोर होईल, ही भीति व्यर्थ आहे. वाचक न्यायाधीश होईल, ही भीति खरी आहे. काळा पहाड हा कल्पित आहे, हें दहा वर्षांच्या मुलालाहि कळतें. तो कोणत्या जातीचा, कोणत्या तांड्याचा, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. टेलरची कादंबरी मात्र ‘मी कथा आहें’ असें म्हणत नाहीं. ‘मी पुरावा आहें’ असें म्हणते. ती वाचून विलायतेंतील सुशिक्षित गृहस्थाला वाटलें कीं, आपल्याला हिंदुस्थानचें अंतरंग कळलें: तेथें कांहीं लोक जन्मतःच मारेकरी असतात. यूजीन स्यूनें आपल्या ‘भटका यहुदी’ या कादंबरींत फिरंगियाच्याच नांवाचें पात्र घातलें. इंग्रजी भाषेंत ‘ठग’ हा शब्द गुंड या अर्थानें कायमचा बसला. पुढें चित्रपटांनींहि हाच माल नव्या वेष्टनांत विकला.

ही समजूत करमणुकीपुरती राहिली असती तरी चालतें. परंतु ती कायद्यांत उतरली, आणि हा विक्रेत्याचा तिसरा विचार आहे. तोच सर्वांत जड आहे. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मनुष्य ठगांच्या टोळींत होता एवढें सिद्ध झालें तरी त्याला सक्तमजुरीची जन्मठेप द्यावी. अमुक खून त्यानें केला हें दाखविण्याची जरुरी नाहीं. तो टोळींत कायदा होण्यापूर्वीं होता कीं नंतर, कंपनीच्या मुलखांत होता कीं बाहेर, हेंहि पाहण्याचें कारण नाहीं. ठगांसारखा हातीं न लागणारा शत्रु समोर असतां अशी कडक योजना झाली, हें एक वेळ समजूं शकतें. परंतु एकदां गुन्ह्यावरून दृष्टि माणसावर गेली म्हणजे ती माणसावरून त्याच्या कुळावर जाण्यास वेळ लागत नाहीं. १८७१ सालीं गुन्हेगार जातींचा कायदा झाला. तो प्रथम उत्तरेकडील प्रांतांत लागू होता. १९११ च्या कायद्यानें सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत त्याचा अंमल करण्याची सोय झाली. सरकारनें एखादी जात गुन्हेगार म्हणून जाहीर केली कीं, त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाचा विचार करण्याचा अधिकार कोर्टालाहि नव्हता. नांवें नोंदवावयाचीं, ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं. पाळण्यांतलें मूल चोरी करील तेव्हां करील. त्याचें नांव चोरांच्या यादींत आधींच पडलें!

ठगांचा मूळ पुरावा निदान जमिनींतून उकरून काढलेला होता. या यादीला तेवढाहि पुरावा लागला नाहीं. ‘कांहीं लोक जन्मतःच असे असतात’ ही समजूत तिला पुरली. आणि ती समजूत घरोघरीं पोंचविण्यास सरकारी दप्तर अपुरें पडलें असतें. दप्तर कोण वाचतो? तें काम लोकप्रिय पुस्तकांनीं केलें.

यवतमाळ जिल्ह्यांतल्या माणसाला ही गोष्ट दूरची नाहीं. याच मुलखांत फासेपारधी राहतात. त्यांचें नांव फांशावरून पडलें. परंतु तो फांस तित्तर, लावे आणि हरणें धरण्याचा. फांसीगराचा फांस वेगळा आणि पारध्याचा वेगळा. शब्द मात्र एका कुळांतले. जंगलाचे कायदे झाले, शिकार गेली, पडीत जमिनी शेतीखालीं आल्या, आणि पारध्याचा धंदाच नाहींसा झाला. मागें राहिला तो संशय. गांवांत चोरी झाली म्हणजे प्रथम पारध्याच्या बेड्यावर जावें, ही रीत कायदा गेल्यानंतरहि पुष्कळ काळ टिकली.

बंजाऱ्यांची हकीकत तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. वऱ्हाडचा कापूस आणि धान्य, किनाऱ्याचें मीठ, फौजांची रसद, हें सारें बंजाऱ्यांच्या बैलांनीं वाहिलें. १८०३ च्या लढाईंत वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविलें तें बंजाऱ्यांनींच. पुढें पक्के रस्ते झाले, आगगाडी आली, आणि लमाणांचे तांडे निरुद्योगी झाले. तेव्हां ज्यांच्या विश्वासावर लाखों रुपयांचा माल मुलूखभर फिरत असे, तेच लोक संशयित ठरले. ठगांच्या दप्तरांत बंजारा ठगांचीं प्रकरणें होतींच, आणि नंतर कांहीं प्रांतांत बंजाऱ्यांचें नांव गुन्हेगार जातींच्या यादींत गेलें. याच समाजांत, यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदजवळच्या गहुली गांवीं, वसंतराव नाईक जन्मले. १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जन्मावरून माणसाचा गुन्हा ठरविणाऱ्या त्या यादीला याहून चोख उत्तर कोणतें?

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गुन्हेगार जातींचा कायदा रद्द झाला. ज्यांचीं नांवें त्या यादींत होतीं त्यांना विमुक्त म्हणूं लागले. यादी गेली, परंतु कादंबऱ्या राहिल्या, आणि त्यांनीं लावलेलें वळणहि लोकांच्या मनांत राहिलें. कायदा रद्द करण्यास एक ठराव पुरतो. वाचलेली गोष्ट मनांतून जाण्यास दुसरी गोष्ट वाचावी लागते.

तशी दुसरी गोष्ट मराठींत आली आहे, हें मराठी भाषेचें भाग्य म्हटलें पाहिजे. १९८० सालीं लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ निघालें. १९८७ सालीं लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन निघालें आणि पुढील वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीला चोर म्हणून यादींत घातलें होतें, तींत जन्मलेल्या माणसानें आपली जबानी स्वतः लिहिली. त्यांत चोरी लपविलेली नाहीं; भूक लपविलेली नाहीं; पोलिसांचा मारहि लपविलेला नाहीं. हीहि गुन्ह्याचीच कथा आहे. परंतु समोर साहेब बसलेला नाहीं, जीव वांचविण्यासाठीं नांवें सांगावयाचीं नाहींत, आणि दुभाष्याची गरज नाहीं. अमीर अलीची जबानी वाचून मनुष्य म्हणतो, ‘अशा लोकांपासून जपलें पाहिजे’. ‘उचल्या’ वाचून तो म्हणतो, ‘ही स्थिति कोणीं आणली?’ पहिल्या उद्गारानें विचार संपतो. दुसऱ्यानें तो सुरू होतो.

मग त्या पावसाळी संध्याकाळीं विक्रेत्यानें टेलरच्या कादंबरीचें काय करावें? ती विकूं नये काय? तसें कोणी सुचवील तर तें वेडेपणाचें होईल. पुस्तक चांगलें आहे. तें ज्यानें लिहिलें त्यानें या देशांत आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घालविलीं, आणि एका खुन्याला माणसासारखें बोलूं दिलें, हें त्या काळीं थोडें नव्हतें. ज्या वाटसरूंचें नांव कोणत्याहि दप्तरांत नाहीं, त्यांची आठवण राहिली ती बऱ्याच अंशीं याच पुस्तकामुळें. विक्रेत्याला एवढेंच करतां येतें कीं, फळीवर ‘ठगाची जबानी’ जेथें ठेवावयाची, तिच्या शेजारींच ‘उचल्या’ ठेवावें. गिऱ्हाईक एक मागावयास आलें तर दुसऱ्याकडे बोट दाखवावें. घेईल तर घेईल.

गुन्ह्याची कथा लोकांना आवडते, आणि पुढेंहि आवडेल. भय आणि कुतूहल हीं दोन्ही माणसाच्या स्वभावांतच आहेत. परंतु पुस्तक मिटल्यावर ज्यानें त्यानें एकदां स्वतःला विचारावें: ही जबानी कोणीं दिली, कोणीं घेतली, आणि कोणाच्या माथीं बसली? वऱ्हाडांत या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. गांवाबाहेरच्या बेड्यावरचें पोर ज्या दिवशीं दुकानाच्या पायरीवर येऊन वही-पेन्सिल मागेल, आणि त्याच्या हातांकडे न पाहतां विक्रेता त्याच्या तोंडाकडे पाहील, त्या दिवशीं ती जुनी यादी खरोखर रद्द झाली असें म्हणतां येईल.